शिकारीच्या शिंगाचा मार्क : बिडाच्या शेगड्या ओतणारं द दित्रिश घराणं

लोहगंध

मंडळी, युरोपातल्या जुन्या बिडाच्या शेगड्या बघायचा कुणाला नाद असेल तर काही नगांवर एक छोटं शिकारीचं शिंग ओतलेलं दिसतं. ते शिंग म्हणजे द दित्रिश घराण्याचा मार्क, आणि तो त्यांना १७७८ साली सोळाव्या लुईने दिला, कारण त्यांच्या लोखंडाच्या नकला बाजारात यायला लागल्या होत्या. आता विचार करा, ट्रेडमार्क वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नव्हते त्या काळात एका फाउंड्रीला राजाकडून मार्क मागून घ्यावासा वाटला म्हणजे मालाला किती मागणी असेल.

सुरुवात मात्र त्याच्या बरीच आधीची. १६८४ मध्ये जाँ दित्रिशने उत्तर अल्सासमधली येगरथालची भट्टी विकत घेतली. फ्रान्सचा अगदी ईशान्य कोपरा, व्होजच्या डोंगरांचा पायथा. तिथेच का, तर खनिज जवळ, भात्याचं चाक फिरवायला ओढा, आणि कोळशासाठी अफाट जंगल. तेव्हा दगडी कोळशाचा संबंध नव्हता, सगळं लाकडी कोळशावर चालायचं, त्यामुळे ज्याच्याकडे जंगल त्याच्याकडे लोखंड असा सरळ हिशोब होता. हे लोक स्ट्रासबूरचे प्रोटेस्टंट व्यापारी आणि सावकार, शहराच्या कारभारात मोठ्या जागांवर. याच घरातल्या डोमिनिक दित्रिशने धर्म बदलायला नकार दिला म्हणून चौदाव्या लुईने त्याचा छळ केला. म्हणजे एका लुईने छळलं आणि शंभरेक वर्षांनी दुसऱ्याने मार्क दिला.

मधल्या काळात तिसरा जाँ (१७१९ ते १७९५) आला आणि त्याने धंदा कुठल्या कुठे नेला. नीडरब्रोन, राइशोफेन, झिन्सविलेर, रोथाऊ, एकामागून एक भट्ट्या आणि हातोडघरं, सोबत जंगलं आणि जमिनी. १७६१ मध्ये सरदारकी मिळाली, नावात 'द' आला. त्याचा मुलगा फिलिप-फ्रेडरिक हा खनिजशास्त्रज्ञ, फ्रान्सभरच्या खाणी आणि भट्ट्या फिरून त्याने त्यांची वर्णनं छापली, आणि १७९० मध्ये स्ट्रासबूरचा पहिला निवडून आलेला महापौर झाला. एप्रिल १७९२ मध्ये रुजे द लील नावाच्या इंजिनियर अधिकाऱ्याने एका रात्रीत लिहिलेलं युद्धगीत याच्याच घरी पहिल्यांदा गायलं गेलं, तेच आज फ्रान्सचं राष्ट्रगीत आहे. आणि पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर १७९३ ला, या महापौराला गिलोटिनवर चढवलं. म्हातारा बापही तुरुंगात गेला, १७९५ मध्ये वारला. नातू फ्रेडरिकच्या हातात आलेला धंदा पार खिळखिळा झालेला, कर्ज डोक्यावर, आणि तोही १८०६ मध्ये गेला.

मला खरं जिच्याबद्दल लिहायचंय ती आता येते. फ्रेडरिकची बायको आमेली, माहेरची द बेर्कहाइम, तेव्हा वय तिशीच्या आसपास, मुलं लहान. कुणीही विकून मोकळं झालं असतं आणि त्यात काही वावगंही नव्हतं. तिने विकलं नाही. ज्यांचं कर्ज होतं त्या सावकारांशी बोलली, नवे भागीदार पैशासकट आत घेतले, जे टिकवायचं ते टिकवलं, आणि १८२७ मध्ये कंपनीचं नावच 'विधवा द दित्रिश आणि मुलगे' असं झालं. पुढे मुलं हाताशी आली, ती १८५५ पर्यंत जगली. कंपनीच्या इतिहासात राजे, महापौर, सरदार यांना जेवढी पानं मिळतात तेवढी तिला मिळायला हवीत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण १८०६ ला ती उठून गेली असती तर आज शिंगाचा मार्क फक्त म्युझियमच्या कपाटात असता.

शेगड्यांचं म्हणाल तर त्या भागात बिडाच्या पाट्या ओतायची परंपरा आधीपासूनच होती. चुलीच्या मागे उभी करायची जाड पाटी, आणि पाच-सहा पाट्या बोल्टने जोडून केलेली पेटीसारखी शेगडी, तिच्यावर बायबलमधले प्रसंग, काना गावातल्या लग्नाचा, विधवेच्या तेलाच्या घड्याचा वगैरे. १९ व्या शतकात त्याच्या नक्षीदार उभ्या शेगड्या झाल्या आणि मग स्वयंपाकाच्या. बाकीचं पुढच्या प्रतिसादात टाकतो, आधी तुम्हाला काय माहिती आहे ते येऊ द्या. मला एक विचारायचंय, लोखंडाचा धंदा एकाच घरात इतक्या पिढ्या टिकतो तो कशाच्या बळावर?

मीनल_र

मस्त धागा! आमेलीबद्दल पहिल्यांदाच वाचलं. एक बेसिक प्रश्न, हसू नका कुणी. शेगडी बिडाचीच का? पत्र्याची हलकी आणि स्वस्त पडली असती ना? आणि एवढी नक्षी कशाला, ती तर जळणाऱ्या वस्तूवर आहे.

ओतारी

मीनलताई, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर जरा लांबेल, कारण माझं आयुष्य फाउंड्रीत चाललंय आणि या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही.

पत्रा पातळ, त्यामुळे पटकन तापतो आणि पटकन गार होतो, आणि सतत निखारे अंगाला लागले की वाकतो, पोपडे निघतात, शेवटी भोक पडतं. बिडाचं तसं नाही. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के, ग्रे आयर्नमध्ये तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो, त्यामुळे उष्णता पसरते चांगली, आणि वजन असल्यामुळे विस्तव विझल्यावरही बराच वेळ ऊब राहते. दुसरं म्हणजे बीड वितळतं ११५०-१२०० अंशाच्या आसपास, स्टीलला १५०० च्या जवळ जावं लागतं. म्हणजे कमी तापमानाला पाण्यासारखं वाहणारं धातू मिळतं आणि ते साच्याच्या बारीक कोपऱ्यात जातं. नक्षी त्यामुळेच शक्य होते. आणि नक्षीचा उपयोगही आहे, सपाट मोठी पाटी ओतली की गार होताना ती वाकते आणि बारीकसारीक दोष लगेच डोळ्यात भरतात, नक्षी, कडा, उभार दिले की पाटीला ताकद येते आणि उष्णता सोडायला पृष्ठभागही जास्त मिळतो.

आता शेगडीचं ओतकाम बाकी ओतकामापेक्षा अवघड का, तर जाडी. मशीनचा बेड असेल तर इंचाच्या हिशोबात जाडी असते, शेगडीची पाटी ४-५-६ मिलीमीटर. एवढ्या पातळ जागेतून धातू टोकापर्यंत पोचायच्या आत गोठला की काम गेलं. म्हणून जुने लोक मुद्दाम फॉस्फरस जास्त असलेलं लोखंड वापरायचे, फॉस्फरसमुळे धातू जास्त वेळ पातळ राहतं. पण मग तेच बीड ठिसूळ होतं. मशीनच्या कामाला असलं लोखंड कुणी घेणार नाही, शेगडीला चालतं कारण शेगडीवर कुणी घण मारत नाही. मात्र तापलेल्या शेगडीवर गार पाणी पडलं तर ती तडकणारच, त्यात कंपनीचा दोष नाही.

आणि लोहगंध म्हणतात त्या नकलांबद्दल. बीड गोठल्यावर गार होताना आकसतं, साधारण शंभरात एक. म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा घ्यायचा लाकडी नमुना, बनवणारा सुतार आकसणीची पट्टी वापरतो, तिच्यावरच्या खुणाच त्या हिशोबाने लांब असतात, आणि लाकडी पॅटर्न खऱ्या मापापेक्षा तेवढा मोठा निघतो. नक्कल करणारा काय करतो, बाजारातून तयार पाटी आणतो, तीच वाळूत दाबतो आणि त्यात ओततो. त्याची पाटी मग अस्सलपेक्षा शंभरात एक लहान निघते आणि नक्षीच्या कडा बोथट. अर्ध्या मीटरच्या पाटीत ५ मिलीमीटरचा फरक, पट्टी लावली की चोरी पकडता येते. शिवाय अशा पाट्या अस्सल पाट्यांबरोबर जुळत नाहीत, फटी राहतात आणि धूर निघतो. राजाचा मार्क हवाच होता हो त्यांना, पण गिऱ्हाइकाला खरा फरक धुरानेच कळला असणार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर एका शब्दात सांगतो, पॅटर्न. भट्टी पाडून परत बांधता येते. एका मॉडेलचे पंचवीस-तीस पॅटर्न, त्यांच्या कोअरपेट्या (आतली पोकळी राखणारे वाळूचे गाभे करायच्या पेट्या), कुठला पॅटर्न कशा बाजूने वाळूत ठेवायचा, धातू कुठून सोडायचा, हवा कुठून काढायची, हे सगळं माडीवर आणि माणसांच्या हातात असतं. ज्या घराण्याने पॅटर्नची माडी आणि मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे कारागीर, सांभाळले ते घराणं टिकलं.

सुहास_वाचक

ओतारीदादा, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवतोय.

लोहगंध, तुमच्या आमेलीला पूर्ण मान देऊन मी एक उलटी बाजू मांडतो. घराण्यानेच का टिकवायचं? शेगड्यांच्याच धंद्यात एक माणूस असा होऊन गेला ज्याने घराणं हा मुद्दाच बाजूला ठेवला. जाँ-बाप्तिस्त आंद्रे गोदँ. १८१७ चा जन्म, उत्तर फ्रान्समधलं एस्केएरी नावाचं खेडं, बाप लोहार-कुलूपवाला. पोरगा लहान वयात शाळा सोडून बापाच्या हाताखाली, मग कारागीर म्हणून फ्रान्सभर फिरला, आणि जागोजागी कामगार कसे राहतात ते बघून आला. १८४० मध्ये त्याने नेमकं तेच केलं जे मीनलताईंनी विचारलं, म्हणजे पत्र्याच्या जागी बिडाची शेगडी, आणि पेटंट घेतलं. धंदा इतका वाढला की १८४६ मध्ये ग्वीझ या गावी मोठा कारखाना हलवला. पुढे बिडावर रंगीत एनॅमल चढवायचं तंत्रही बसवलं, काळ्या शेगड्यांच्या जमान्यात ती फार मोठी गोष्ट होती.

पैसा आल्यावर माणसाने काय केलं, तर त्याच्यावर फूरिये या समाजवादी विचारवंताचा पगडा होता, टेक्सासमध्ये डलासजवळ ला रेयुनियों नावाची आदर्श वसाहत निघत होती तिच्यात १ लाख फ्रँक घातले, म्हणजे त्याच्या मालमत्तेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. वसाहत बुडाली, पैसे गेले. दुसरा कुणी असता तर पुन्हा असल्या फंदात पडला नसता. गोदँने ठरवलं की आता दुसऱ्यावर सोपवायचं नाही, आपल्याच गावात, आपल्याच कामगारांसाठी स्वतः करायचं. १८५९ पासून फामिलिस्तेर बांधायला घेतलं. कामगारांसाठी राजवाडाच म्हणा, तीन मोठ्या इमारती, प्रत्येकीच्या मधे काचेच्या छताखाली चौक, चौकाभोवती गॅलऱ्या आणि गॅलऱ्यांतून घरांची दारं. उजेड, हवा, प्रत्येक मजल्यावर पाणी. पाळणाघर, मुलामुलींची एकत्र शाळा, नाट्यगृह, दुकानं, धुण्याची जागा, आणि पोहायचा तलाव ज्याचा तळ वरखाली करता यायचा, म्हणजे लहान मुलांनाही पोहायला शिकता यावं. हे सगळं शेगड्यांच्या नफ्यातून. आणि स्वतः गोदँ बंगला बांधून वेगळा राहिला नाही, त्याच इमारतीत राहिला.

१८८० मध्ये त्याने कारखाना आणि इमारती दोन्ही मिळून भांडवल-श्रम सहकारी संघ स्थापन केला, कामगारांना नफ्याचा वाटा रोख न देता शेअरच्या रूपात मिळायचा, असं करत करत मालकी त्यांच्याकडे गेली. १८८८ च्या जानेवारीत तो वारला. त्याची दुसरी बायको मारी मोरे, जिने शाळा आणि पाळणाघर उभं केलं होतं, तिने काही महिने कारभार बघितला आणि मग निवडलेल्या माणसाकडे दिला. सहकारी संघ १९६८ पर्यंत चालला, ८८ वर्षं. सांगा आता, घराण्याशिवायही शेगडी टिकते की नाही?

राधिका_के

सुहास, फामिलिस्तेरबद्दल मला आदर आहेच पण एक गोष्ट सुटतेय. त्या संघात सगळे सारखे नव्हते, पायऱ्या होत्या. सगळ्यात वर असोसिए, त्याखाली सोसिएतेर, त्याखाली पार्तिसिपाँ, आणि कित्येक कामगार तर इमारतीत राहायलाही नव्हते, गावात राहायचे. वरच्या पायरीला जास्त वाटा आणि कारभारात मत. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत काय झालं, तर वरच्या पायरीवरच्यांच्या मुलांनाच आत जागा मिळायला लागली. घरं त्यांचीच, नोकऱ्या त्यांच्याच. म्हणजे एका घराण्याची मालकी काढून टाकली आणि तिच्या जागी काही घरांची मालकी आली. नवीन हुशार माणूस बाहेर, तिसऱ्या पिढीचा नातू आत. गोदँने स्वतःच्या रक्ताच्या वारसाचा प्रश्न सोडवला, पण वारसा हा प्रकार दुसऱ्या दाराने परत आला. १९६८ ला संघ मोडून साधी कंपनी झाली त्यामागे बाजार, गॅस, सेंट्रल हीटिंग हे सगळं होतंच, पण हे आतलं साचलेपणही होतं.

त्यामुळे घराणं की सहकार अशी लढाई लावण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्हीकडे बघायचं ते हे, की पुढच्या पिढीतला जो माणूस येतोय त्याला काम येतं म्हणून येतोय की आडनाव आहे म्हणून.

सुहास_वाचक

राधिका, मान्य, पायऱ्यांचं अगदी खरं आहे. पण तरी मी म्हणेन की ज्या काळात दहा-बारा वर्षांची पोरं खाणीत उतरत होती त्या काळात या माणसाने शेगडी कामगाराच्या मुलाला नाट्यगृह आणि तलाव दिला, ते मोजलंच पाहिजे. आणि गोदँ शेगड्या संघ मोडल्यानंतरही ग्वीझमध्ये बनत राहिल्या, मालकी बदलत बदलत का होईना. छोट्या दंडगोलासारख्या उभ्या शेगडीचं ते जुनं मॉडेल, 'पती गोदँ', अजून लोक नावाने ओळखतात.

पश्चिमवारा

मधेच घुसतो. अमेरिकेत हाच धंदा बघा. १९ व्या शतकात हडसन नदीकाठची ट्रॉय आणि ऑल्बनी ही शेगड्यांची गावं, नंतर डेट्रॉइट. हो, गाड्यांच्या आधी डेट्रॉइट शेगड्यांसाठी प्रसिद्ध होतं! तिथे जेरेमाया ड्वायर नावाच्या आयरिश वंशाच्या माणसाने भावाबरोबर धंदा सुरू केला, पुढे १८७१ मध्ये मिशिगन स्टोव्ह कंपनी काढली, 'गार्लंड' हा त्यांचा ब्रँड. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी २५ फूट उंच आणि १५ टन वजनाची शेगडी उभी केली, जगातली सगळ्यात मोठी म्हणून. गंमत म्हणजे ती बिडाची नव्हतीच, ओक लाकडावर कोरून धातूसारखी रंगवलेली. डेट्रॉइटमध्ये ती कितीतरी दशकं होती, आणि २०११ मध्ये आगीत जळाली.

पण मला जास्त सांगावंसं वाटतं ते मोल्डरांबद्दल. शेगड्यांचे मोल्डर ही तिकडची सगळ्यात संघटित जमात, १८५९ पासून त्यांची राष्ट्रीय युनियन होती, विल्यम सिल्व्हिस हा त्यांचा पुढारी. १८६६ मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा ट्रॉयच्या मोल्डरांनी स्वतःचीच सहकारी फाउंड्री काढली, गोदँच्या संघाच्याही आधी! नंतर मालकांनी १८८६ मध्ये स्वतःची संघटना केली, संप, टाळेबंदी सगळं झालं, आणि १८९१ मध्ये दोघांनी मिळून देशपातळीवरचा करार केला, अमेरिकेत कुठल्याही धंद्यातला असा पहिला. ओतारींनी जे लिहिलंय ना, की सगळं मोल्डरच्या हातात असतं, ते तिथल्या मालकांनाही पक्कं माहीत होतं म्हणूनच करार झाला.

ओतारी

@पश्चिमवारा, हे मला माहीत नव्हतं, फार बरं वाटलं वाचून. शेगडीचा मोल्डर खरंच वेगळा असतो. पातळ पाटीचा पॅटर्न वाळूतून उचलताना हात जरा हलला की कडा ढासळली, मग ती चमच्याने आणि लॅन्सेटने दुरुस्त करायची, वर ग्राफाइटची भुकटी मारायची. मशीन मोल्डिंग आल्यावर मालकांनी हे कौशल्य स्वस्त करायचा प्रयत्न केला, पण नक्षीदार पाटीला बराच काळ हातच लागला.

घाटमाथा

कोलब्रूकडेलचं नाव कसं नाही आलं अजून? अब्राहम डार्बी, १७०७ मध्ये बिडाची भांडी वाळूत ओतायचं पेटंट, १७०९ मध्ये कोकवर लोखंड गाळलं, आणि मग पिढ्यानपिढ्या डार्बी. घराणं १९ व्या शतकाच्या मध्यावर कारभारातून बाहेर पडलं पण फाउंड्री चालूच राहिली, शेवटी आगा कुकरची ओतकामं तिथे व्हायची. २०१७ ला बंद झाली. तीनशे वर्षांहून जास्त काळ चालल्यावर.

आगाचं एक सांगतो, ती काढणारा गुस्ताफ दालेन, स्वीडिश, १९१२ चा फिजिक्सचा नोबेल त्याला. त्याच वर्षी स्फोटात दृष्टी गेली. घरी बसून बायकोचं स्वयंपाकघरातलं काम ऐकत, अनुभवत त्याने १९२२ मध्ये सतत तापलेली राहणारी बिडाची कुकर काढली. जडपणा हाच त्याने गुण केला, थोड्या जळणावर बीड तापत ठेवायचं आणि साठलेली उष्णता लागेल तशी वापरायची.

लोहगंध

वा! धागा माझ्या अपेक्षेपेक्षा खूप पुढे गेलाय. सगळ्यांचे आभार. द दित्रिशचा राहिलेला भाग लिहितो, कारण राधिकांच्या मुद्द्याला तो थेट भिडतो.

आमेलीनंतर मुलांनी आणि नातवांनी रेल्वे पकडली. राइशोफेनला रूळांचं सामान, डबे, चाकं. हे शहाणपणाचं होतं कारण तोवर दगडी कोळशावर चालणाऱ्या मोठ्या भट्ट्यांपुढे लाकडी कोळशाचं लोखंड महाग पडायला लागलं होतं. म्हणजे कच्चं लोखंड गाळणं हळूहळू सोडायचं आणि त्याचं काहीतरी बनवून विकायचं. आणि मग १८७०-७१ चं युद्ध. अल्सास जर्मनीत गेलं. एका रात्रीत कारखाना परदेशात! फ्रेंच रेल्वेच्या ऑर्डरी सीमेपलीकडे, मधे जकात. त्यांनी काय केलं, १८७९ मध्ये सीमेच्या अलीकडे फ्रान्समध्ये ल्युनेविलला दुसरा कारखाना काढला आणि डबे तिथून विकले. आणि अल्सासमधल्या जुन्या ओतशाळांना जर्मन बाजार मिळाला, तिथे घरगुती वस्तूंवर जोर दिला, शेगड्या, चुली, न्हाणीघराचं एनॅमलचं सामान. ज्या शेगड्या आज जुन्या बाजारात सापडतात त्यातल्या बऱ्याच याच काळातल्या आणि नंतरच्या. युद्धाने रेल्वेचा बाजार तोडला म्हणून शेगडी पुढे आली, हे मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एरवी मोठ्या उद्योगात शेगडी कोपऱ्यातच राहिली असती.

१८९६ पासून मोटारी. १९०२ मध्ये एत्तोरे बुगात्तीला नीडरब्रोनला कामावर घेतलं, तेव्हा तो वयात आला नव्हता म्हणून करारावर त्याच्या बापाने सही केली. पण तो वेगळा विषय, मोटारीवाले लोक त्यावर भरपूर लिहितात. १९१८ नंतर अल्सास परत फ्रान्सकडे, म्हणजे सीमा पुन्हा सरकली, १९४० मध्ये आणखी एकदा, १९४५ मध्ये परत. जागेवरून न हलता चारदा देश बदलणारा कारखाना सांभाळणं म्हणजे काय ते कल्पना करूनही कळत नाही. दर वेळी चलन वेगळं, कायदा वेगळा, जकातीची रेषा वेगळीकडे. मला वाटतं इथे घराणं उपयोगी पडलं. शेअरहोल्डर घाबरून पैसे काढतो, घरातला माणूस काढत नाही कारण त्याच्या सात पिढ्या त्या गावच्या स्मशानात आहेत.

आणि तरी राधिका म्हणतात ते शेवटी खरं ठरलंच. २० व्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड-कोळशाची शेगडी गेली, गॅस आणि तेलाचे बॉयलर आले, तिथेही बिडाचं ओतकाम त्यांना उपयोगी पडलं, मेर्त्झविलेरला बिडाचे बॉयलर व्हायचे. पण एवढ्या सगळ्या शाखा एका घराला झेपेनात. १९९० च्या दशकात स्वयंपाकाच्या उपकरणांचा आणि रेल्वेचा भाग दुसऱ्यांकडे गेला, नंतर हीटिंगचा भाग रेमेहा या डच कंपनीबरोबर एकत्र आला. आज ओव्हनवर जे नाव दिसतं त्याचा घराण्याशी मालकीचा संबंध नाही. घराण्याकडे राहिलं ते रासायनिक उद्योगासाठी काचेचं अस्तर लावलेली पात्रं बनवणं. आता काचेचं अस्तर म्हणजे तत्त्वतः एनॅमलच ना, ओतारीदादा?

ओतारी

हो, काचच ती. भुकटी करून धातूवर लावायची आणि ८००-९०० अंशाला भाजायची. शेगडीचं एनॅमल आणि रसायनाच्या टाकीचं काचअस्तर ही एकाच कामाची दोन रूपं, मात्र टाकीसाठी धातू स्टील घेतात आणि थर जाड, अनेकदा भाजलेला. अवघड मुद्दा दोन्हीकडे एकच, धातू आणि काच गार होताना वेगवेगळं आकसतात, मिश्रण जमलं नाही की तडे. एनॅमल करणारे लोक ही मिश्रणं जिवापाड जपायचे. म्हणजे भट्ट्या गेल्या, शेगड्या गेल्या, पण हे काम घरातच राहिलं तर! पॅटर्नच्या माडीच्या जोडीला मी आता हेही धरतो.

मीनल_र

वाचताना वेळ कसा गेला कळलं नाही. दादा, एक शेवटचं, एखादी जुनी शेगडी समोर आली तर ती खरी जुनी की नव्याने ओतलेली हे मला माझं मला कसं ओळखता येईल?

ओतारी

चार ठिकाणी बघा. आधी आतली बाजू, बाहेरून कुणीही पॉलिश करतं. जुन्या पाटीची आतली बाजूही बारीक वाळूची, एकसारखी असते, स्वस्त नव्या नकलेत खरबरीत आणि जाडीत चढउतार. मग सांधे, पाट्या एकमेकींच्या खाचेत नीट बसतात का, की नुसत्या फायर सिमेंटने भरून काढल्यात. तिसरं नक्षी, पानाफुलांच्या कडा तीक्ष्ण हव्यात, साबणासारख्या गुळगुळीत असतील तर तयार पाटीवरून साचा घेतलाय. चौथं म्हणजे मॉडेल नंबर आणि पार्ट नंबर. मोठ्या कंपन्या प्रत्येक पाटीवर, अगदी न दिसणाऱ्या पाटीवरही नंबर ओतायच्या, कारण जाळी किंवा दार तडकलं की गिऱ्हाईक तेवढाच भाग मागवायचं. सगळ्या पाट्यांचे नंबर एकाच मालिकेतले असतील तर शेगडी अखंड आहे, नाहीतर दोन-तीन शेगड्यांची मिळून एक केलेली आहे.

आणि पेटवण्याआधी दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी नक्की तपासा. जुन्या दोऱ्या बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसच्या असतात, त्या कोरड्या खरवडायच्या नाहीत, माहितगार माणसाकडून काढून काचतंतूची दोरी घालून घ्यायची. पहिले दोन-तीन विस्तव अगदी छोटे, बिडाला हळूहळू तापू द्या.

लोहगंध

नंबरांच्या मालिकेचं हे कुठेच वाचलं नव्हतं. ल्युनेविल आणि मोटारींवर लिहा असं दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलंय, त्याचा धागा वेगळा काढतो, म्हणजे इथे शेगड्यांवरच बोलणं राहील. राधिका, जमलं तर ग्वीझच्या त्या तीन पायऱ्यांवर सविस्तर लिहाल का, कुणाला किती वाटा मिळायचा आणि बायकांना वरच्या पायरीवर जागा होती का, ते मला समजून घ्यायचंय.

राधिका_के

लिहिते. सध्या एवढंच, नियमांप्रमाणे बायकांना असोसिए होता यायचं, १८८० च्या करारातच ती सोय होती. किती जणींना प्रत्यक्षात जागा मिळाली आणि का, हा पुढच्या प्रतिसादाचा विषय.